गोल कोपऱ्याचं जुनं कपाट आणि आर्ट डेकोची गोष्ट

चोरबाजारात मटन स्ट्रीटला जा नाहीतर जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटात, गोल कोपऱ्याचं आणि मधे लांब आरसा असलेलं कुठलंही कपाट दाखवा, दुकानदार एकच वाक्य टाकतो, "डेको पीस आहे, ब्रिटिश टाइमचा." आपणही मान डोलावतो. पण डेको म्हणजे नक्की काय, कोपरे गोलच का, नक्षीकाम का नाही, आणि समोर उभं आहे ते खरंच १९३५ चं की १९७५ चं, असं विचारलं की गाडी अडते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण रिडेव्हलपमेंटच्या नादात दादर-माटुंग्यापासून पुण्याच्या पेठांपर्यंत ही कपाटं भराभर घराबाहेर पडतायत आणि त्यातली निम्मीअर्धी भंगाराच्या भावात जातायत.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कपाटाची स्टाइल ही फक्त फॅशन नसते. आत कपडे कसे ठेवणार, लाकूड कुठल्या रूपात मिळतंय आणि खोली केवढी आहे, या तीन प्रश्नांना त्या त्या काळच्या सुताराने दिलेलं उत्तर म्हणजे ते कपाट. डेकोचं कपाट समजून घ्यायचं तर हे तीन प्रश्न धरून चालायचं, बाकी झिगझॅग आणि सूर्यकिरणं वगैरे डेकोच्या ठरलेल्या खुणा नंतर.

आधी कपड्यांचं बघू. युरोपात बराच काळ कपडे टांगायचे नसत, घडी घालून पेटीत नाहीतर सरकत्या ट्रेमध्ये ठेवायचे. नंतर आतल्या पाठीला खुंट्या आल्या, त्यावर झगे लटकायचे. हँगर आणि त्यासाठीचा आडवा दांडा घरोघरी रुळला तो साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढे. आता गंमत बघा, खुंटीवर कपडा पाठीला चिकटून लटकतो, त्यामुळे उथळ कपाट चालतं, पण हँगर आडव्या दांड्यावर लावायचा तर खांद्याची रुंदी आत मावली पाहिजे, म्हणजे २२-२४ इंच खोली लागते. मधल्या काळात सुतारांनी एक तोडगा काढला, उथळ कपाटात दांडा समोरून मागे असा लावायचा, तो बाहेर ओढता येतो आणि कपडे एकामागे एक, दाराकडे तोंड करून लटकतात. जुन्या कपाटात असा ओढायचा पितळी दांडा सापडला तर ते नुसतं जुनं मेकॅनिझम म्हणून काढून फेकू नका, वयाचा चांगला पुरावा असतो तो.

डेकोच्या आधीचं श्रीमंती फर्निचर म्हणजे व्हिक्टोरियन, राणी व्हिक्टोरियाच्या काळचं. महोगनीचे डोंगर, वर मुकुटासारखी कंगणी, खाली वाघनखी पाय, आणि जिथे जागा मिळेल तिथे कोरीवकाम. आपल्या मुंबईत याचीही वरची पायरी होती, ते 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून ओळखलं जाणारं शिसवीचं फर्निचर, फोर्टात मेडोज स्ट्रीटला त्याची दुकानं होती, आणि त्यातल्या खुर्च्या-टेबलांवर वेलबुट्टी इतकी दाट की बोट टेकवायला सपाट जागा नाही. दिसायला भारी, पण ती धूळ कोण पुसणार? नोकरमाणसं भरपूर होती तोवर प्रश्न नव्हता.

मग पॅरिस. १९२५ साली एप्रिल ते ऑक्टोबर तिथे सजावटीच्या आणि औद्योगिक कलांचं प्रचंड मोठं प्रदर्शन भरलं. खरं तर ते दहाएक वर्षं आधीच व्हायचं होतं, पहिल्या महायुद्धामुळे लांबलं. त्यात प्रवेशाचा नियम असा की जुन्या शैलीची नक्कल आणायची नाही, जे काही आणाल ते नवं पाहिजे. अमेरिकेने तर आमच्याकडे दाखवण्यासारखं मॉडर्न काही नाही म्हणून भागच घेतला नाही. या प्रदर्शनाच्या फ्रेंच नावातल्या 'आर देकोरातीफ'वरून पुढे आर्ट डेको हे नाव रुळलं, तेही १९६० च्या दशकात, त्याआधी लोक या सगळ्याला 'मॉडर्न' एवढंच म्हणायचे. तेव्हा १९३६ सालच्या बिलावर कोणी 'आर्ट डेको वॉर्डरोब' असं छापलेलं दाखवलं तर हात जोडून निघा.

प्रदर्शनाचा हिरो होता एमिल-जाक रुलमान. १८७९ चा जन्म, वडिलांचा रंगकामाचा आणि काँट्रॅक्टिंगचा धंदा, आणि हा माणूस स्वतः सुतार नव्हता, ड्रॉइंग काढायचा आणि पॅरिसमधले सर्वात तरबेज कारागीर पगारावर ठेवायचा. त्याची कपाटं पाहिली की कोरीवकाम जवळजवळ शून्य, फक्त सपाट किंवा किंचित फुगीर पृष्ठभाग, काळपट रेघांचं मॅकासर एबनी लाकूड, आणि हस्तिदंताच्या बारीक टिकल्यांची एखादी ओळ. किंमत मात्र अशी की फक्त अतिश्रीमंतांनीच विचारावी. त्याच प्रदर्शनात ल कॉर्ब्युझिए नावाचा तरुण आर्किटेक्ट, पुढे चंदीगड उभारणारा, एका कोपऱ्यात पांढऱ्या भिंतींचं साधं घर बांधून सांगत होता की सजावटच नको, कपाटं म्हणजे नुसते एकाच मापाचे डबे असावेत. भांडण तिथूनच सुरू झालं होतं. आजच्या मॉड्युलर वॉर्डरोबकडे बघितलं तर शेवटी कोण जिंकलं ते दिसतंच, पण पुढची काही वर्षं तरी बाजी रुलमानच्या बाजूने होती, आणि मला विचाराल तर दिसण्यात अजूनही आहे.

आता लाकडाचा प्रश्न, आणि इथे आपल्या डोक्यातला एक समज काढून टाकायला लागतो. आपल्याकडे 'सॉलिड' म्हणजे चांगलं आणि विनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, ही फसवणूक असं पक्कं बसलंय. डेकोत विनिअर ही लपवाछपवी नाहीच, विनिअर हीच नक्षी आहे. कोरायचं नाही असं एकदा ठरल्यावर शोभा आणायची कुठून, तर लाकडाच्या स्वतःच्या रेषांमधून. एका ओंडक्यातून पातळ पापुद्रे एकामागून एक काढतात, त्यामुळे लागोपाठच्या दोन पापुद्र्यांवर रेषा जवळपास सारख्याच असतात. पहिला सरळ ठेवायचा, दुसरा पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटून शेजारी लावायचा. मधल्या जोडावर रेषा आरशातल्यासारख्या भिडतात आणि दारावर फुलपाखरू, ज्वाळा, कधी चक्क घुबडाचं तोंड तयार होतं. असे चार तुकडे एका बिंदूत जुळवले की हिरा होतो. अक्रोडाच्या झाडाला गाठ येते तिथल्या लाकडात तर इतके बारीक भोवरे असतात की पूर्ण दार त्यानेच भरायचे. पण गाठीचं लाकूड सॉलिड वापरलं तर वेडंवाकडं फिरतं, तडकतं. म्हणजे ही डिझाइन सॉलिड लाकडात करताच येत नाही, पातळ पापुद्राच पाहिजे आणि खाली स्थिर पाट पाहिजे. हे लक्षात आलं की प्लायवुड डेकोला का मानवलं तेही कळतं, प्लायला ऋतूप्रमाणे फुगणं-आकसणं फारसं नाही, त्यावर केवढाही मोठा विनिअरचा पत्रा निवांत बसतो.

गोल कोपऱ्याचं उत्तरही इथेच आहे. वरच्या पाटाची समोरची धार गोल करायची आणि विनिअर वरून खाली न तोडता तसाच वळवून आणायचा, धबधब्यासारखा, अमेरिकेत या प्रकाराला 'वॉटरफॉल' असंच नाव पडलं. त्यासाठी आतला सांगाडा गोल पाहिजे. कारखान्यात प्लायच्या मागच्या बाजूला करवतीने जवळजवळ खाचा पाडून ते वाकवायचे, नाहीतर लाकडाच्या पट्ट्या गोलाईत चिकटवायचे. शिवाय तो काळ विमानांचा, मोटारींचा, बोटींचा, सगळीकडे वाऱ्याला कापत जाणारे आकार, त्यामुळे जागेवरून कधीही न हलणारं कपाटसुद्धा धावायच्या तयारीत असल्यासारखं दिसायला लागलं. आहे की नाही विनोदी?

१९२९ च्या मंदीनंतर रुलमानच्या दर्जाचं फर्निचर घेणारे उरले नाहीत, तो स्वतः १९३३ मध्ये गेला, आणि स्टाइल झपाट्याने खाली उतरली. इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखान्यांनी बेडरूम सेट काढले, हप्त्यावर विकले: एक कपाट तिचं, एक बुटकं त्याचं, एक गोल आरशाचं ड्रेसिंग टेबल. पुरुषांच्या कपाटात तर कॉलर, मोजे, टाय यांना वेगवेगळे कप्पे. हस्तिदंताऐवजी बेकलाइटच्या मुठी आल्या, जे प्लॅस्टिक लिओ बेकलंडने १९०७ मध्ये शोधलं होतं, चांदीऐवजी क्रोम आलं, एबनीऐवजी अक्रोडाचं स्वस्त विनिअर. यातलं बरंचसं फर्निचर चांगलं होतं, बरंचसं रद्दड होतं, आणि बाजारात दोन्ही एकाच नावाने विकलं जातं ही खरी अडचण. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन सरकारने लाकडाचं रेशनिंग केलं, १९४२ पासून 'युटिलिटी' फर्निचरची ठरावीक साधी डिझाइनंच बनवायची असा नियम आला आणि तिथे डेकोचा विषय जवळपास संपला.

मुंबईत मात्र तो नुकता कुठे रंगात आला होता. बॅकबेचा भराव, मरीन ड्राइव्हच्या इमारती, ओव्हल मैदानासमोरची रांग, १९३३ चं रीगल थिएटर, १९३८ चं इरॉस थिएटर, हे सगळं त्याच काळातलं, ज्याला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. पण आपल्या विषयासाठी मरीन ड्राइव्हइतकंच महत्त्वाचं दादर, माटुंगा, शिवाजी पार्क. चाळीतून 'ब्लॉक'मध्ये, म्हणजे स्वतंत्र फ्लॅटमध्ये, राहायला गेलेल्या मध्यमवर्गाला पहिल्यांदाच स्वतंत्र बेडरूम मिळाली. चाळीत ट्रंक आणि भिंतीतलं कपाट पुरायचं, ब्लॉकमध्ये बेडरूमला बेडरूमचं फर्निचर पाहिजे. १९३७ मध्ये टाऊन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं, नव्या घरात काय कसं मांडायचं ते लोकांना दाखवायला.

आणि इथे मिस्त्री लोकांनी जे केलं ते मला पॅरिसपेक्षा जास्त आवडतं. आकार परदेशी चित्रांवरून उचलला, पण लाकूड आपलं. प्लाय वाकवायच्या भानगडीत न पडता बरेच जण सागाचा जाडजूड उभा खांबच रंधून गोल करायचे. आतलं सगळं सॉलिड साग, फक्त दर्शनी दारांना विनिअर, आणि काही कपाटांत तेही नाही, सागावरच शिसवीच्या काळ्या पट्ट्या बसवून रेघा काढलेल्या. आतली मांडणीही बदलली, कारण साडी घडी घालून ठेवायची असते, टांगायची नाही. तीन दारांच्या कपाटात मधे आरसा, एका बाजूला कोट-शर्टांसाठी दांडा, आणि दुसऱ्या बाजूला वरपासून खालपर्यंत फळ्या, त्यातच कुलपाचा छोटा खण दागिन्यांसाठी. इंग्लिश कपाटात टांगायला जागा जास्त, आपल्याकडच्यात फळ्या जास्त. लाकूड बहुतेक बर्मा टीक, पण १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तो पुरवठा तुटला, मग बल्लारशा-चांदा भागातला सीपी (म्हणजे तेव्हाच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा) टीक आणि मलबारचा साग यांना भाव आला. त्यामुळे १९४५ चं म्हणून सांगितलेल्या कपाटाला कोणी छातीठोकपणे 'प्युअर बर्मा' म्हटलं तर जरा थांबा.

डेको आणि मराठी माणूस म्हटलं की इंदूरचं नाव घ्यायलाच लागतं. तिथले महाराजा दुसरे यशवंतराव होळकर, १९०८ चा जन्म, ऑक्सफर्डला शिकायला असताना एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टशी ओळख झाली आणि त्याच्याकडून १९३० ते ३३ दरम्यान माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. बाहेरून साधा, आतून मात्र त्या काळच्या डिझाइनचं पूर्ण संमेलन. अभ्यासिकेत रुलमानचं टेबल, आयलीन ग्रे या डिझायनरची खुर्ची, ल कॉर्ब्युझिएची आरामखुर्ची, म्हणजे पॅरिसमध्ये एकमेकांची तोंडं न बघणारे लोक इंदुरात एका छताखाली नांदत होते. १९८० मध्ये यातलं बरंच फर्निचर मोनॅकोमध्ये लिलावात गेलं. राजवाड्यात पुढे अबकारी आणि कस्टम्सचं सरकारी ऑफिस बसलं. असो.

आपल्याकडे लाकडी कपाटाला मारलं ते लोखंडी कपाटाने. गोदरेजने स्टीलची कपाटं बनवायला १९२३ मध्येच सुरुवात केली होती, पण घराघरात, विशेषतः लग्नात द्यायची वस्तू म्हणून ती पोचली स्वातंत्र्यानंतर. वाळवी नाही, कुलूप भक्कम. आणि नीट बघितलंत तर गोल केलेल्या कडा, दारावर लांब आरसा, आडवं हँडल, डेकोचीच छाप पत्र्यावर उतरलेली वाटते, निदान मला तरी.

बरं, आता घरातलं किंवा दुकानातलं कपाट तपासायचं कसं. समोरून बघून काही कळत नाही, समोरची बाजू पॉलिशवाल्याने कालच चमकवलेली असते. खण पूर्ण बाहेर ओढा आणि उलटा करा. जुन्या खणाच्या तळाला पॉलिश नसतं, लाकूड हवेनं काळवंडलेलं असतं, आणि बाजूच्या धारा जिथे घासतात तिथे झिजून खोलगट झालेल्या असतात. दोन्ही धारा एकदम सरळ आणि तळ एकसारखा तपकिरी असेल तर तो रंग लावलाय. मग स्क्रू बघा. जुने स्क्रू एका खाचेचे, चौफुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू अमेरिकेतच १९३६ च्या सुमारास मोटारींत वापरात आला, त्यामुळे १९३० च्या बिजागरीत तो मूळचा असू शकत नाही, बदललेला असेल किंवा कपाटच नंतरचं असेल. सांध्यातून पांढरा, रबरासारखा डिंक डोकावत असेल तर ते काम फेव्हिकॉलच्या जमान्यातलं, म्हणजे १९५९ नंतरचं, मूळ काम सरसाचं (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या डिंकाचं) असतं, तो तपकिरी आणि काचेसारखा ठिसूळ तुटतो. आत फळ्यांना सनमायका दिसला तर तोही नंतरचा. बेकलाइटची मूठ अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि लगेच वास घ्या, फिनेलच्या जवळ जाणारा औषधी वास येतो, साध्या प्लॅस्टिकला येत नाही. आरशाला मात्र फार महत्त्व देऊ नका, प्रत्येक जुना आरसा दुकानदाराच्या तोंडी बेल्जियमचाच असतो, कडेला रुंद तिरकी घासाई आणि मागच्या मुलाम्यावर काळे ठिपके एवढं दिसलं तर बास. आणि एक चाल लक्षात ठेवा, दोन मोडकी कपाटं जोडून एक करतात, दारं एकाची, बॉडी दुसऱ्याची. दाराच्या कडेला जुन्या बिजागरीच्या बुजवलेल्या खाचा दिसल्या आणि त्यांना जुळणाऱ्या खाचा चौकटीवर नसल्या, की समजायचं.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान सँडिंग मशिन करतं. १९३० च्या दशकातलं सुरीने काढलेलं विनिअर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असतं, मशिन दोन ठिकाणी जरा जास्त रेंगाळलं की खालचं लाकूड उघडं, आणि तो फुलपाखराचा जोड गेला तो गेलाच, तसला दुसरा तुकडा मिळणार नाही. आधी पॉलिश काय आहे ते बघा, आतल्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन टेकवा, चिकट होऊन रंग बोळ्याला आला तर ते लाखेचं जुनं फ्रेंच पॉलिश, त्याला खरवडायची गरजच नसते, मळ साफ करून त्याच्यावरच चपडीचे, म्हणजे लाखेचेच, नवे हात देता येतात. पावसाळ्यात विनिअर फुगलं असेल तर बोटाने टकटक करा, पोकळ आवाज येईल तिथे सरस सुटलाय. सरसाची चांगली गोष्ट ही की ओलसर फडकं ठेवून वरून मंद इस्त्री फिरवली की तो पुन्हा मऊ होतो, मग वजन ठेवून रात्रभर दाबायचं. आधी कोपऱ्यात करून बघा, कारण वरचं लाखेचं पॉलिश त्या जागी पांढरं पडणारच, ते नंतर सुधारायला लागतं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा हात लावत नाही, पण मागची प्लायची पाठ आवडीने खाते, म्हणून भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा आणि वर्षातून एकदा टॉर्च मारून मागे बघा.

कायद्याचंही सांगून टाकतो. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार अशा वस्तू पुरावशेष ठरायला किमान १०० वर्षं जुन्या असाव्या लागतात आणि तशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे १९३५ चं कपाट २०३५ पर्यंत त्यात बसत नाही, दुकानदार 'अँटिक' म्हणून भाव लावतो तो त्याचा हिशोब. पण शिसवीचं काम असेल तर वेगळी भानगड, शिसवी म्हणजे रोझवुड आणि रोझवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाकडे आजीचं कपाट पाठवायचं मनात असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा, कंटेनर नंतर.

आणि घर रिकामं करताना कपाट जिन्यातून उतरत नाही म्हणून कुऱ्हाड आणायच्या आधी आत डोकं घालून वर बघा. मोठी कपाटं बहुतेक सुटी होतात: वरची कंगणी, खालची बैठक, बाजू, पाठ, सगळं स्क्रूवर किंवा बोल्टवर. आरशाचं दार पहिलं काढायचं आणि उभंच न्यायचं, प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूने खडूने नंबर टाकायचा, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे जुने स्क्रू एका डबीत घालून ती डबी स्वतःच्या खिशात ठेवायची, टेम्पोवाल्याकडे द्यायची नाही.